दहा हजारांची ८० जीबी एसएसडी घ्यावी, की तीन हजारांची १ टीबी हार्ड डिस्क?

हिशेबनीस (१२ फेब्रुवारी २०११)

मंडळी, नमस्कार. सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं हिशेब आणि करविवरणांचं ऑफिस आहे. हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची खाती बघतो. चार संगणक आहेत. मुख्य मशीन कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज एक्सपी. सगळ्या पार्ट्यांचा टॅली डेटा त्याच्यावर, बाकीची तिन्ही मशीनं नेटवर्कवरून तिथलाच डेटा उघडतात. लोडशेडिंग संपलं की मुख्य मशीन सुरू होणार, अँटिव्हायरस डिस्क खरवडत बसणार, मग टॅली उघडणार. तोवर समोर बसलेला माणूस घड्याळ बघायला लागतो. मार्चमध्ये हे परवडत नाही.

दुकानदारानं दोन पर्याय दिलेत. इंटेलची एक्स२५-एम ८० जीबी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी एसएसडी, दहा हजारांच्या आसपास. नाहीतर १ टीबीची साधी हार्ड डिस्क, तीन हजारांत. माझा सगळा डेटा मिळून ३० जीबीसुद्धा भरत नाही. पण दहा हजार म्हणजे दहा हजार. ज्यांनी वापरलीय त्यांनी सांगा. नुसतं "फास्ट आहे" नको, कुठे फरक पडतो आणि कुठे पडत नाही ते हवंय.

मिरज मेकॅनिक

नको. मी दोन्ही विकतो, तरी सांगतो नको. ८० जीबीला दहा हजार म्हणजे जीबीला १२५ रुपये. १ टीबी तीन हजारांत म्हणजे जीबीला तीन रुपये. चाळीसपट भाव झाला की ओ! तुमच्या मशीनला आधी रॅम टाका. २ जीबीत एक्सपी, अँटिव्हायरस आणि टॅली एकदम चालवलं की मेमरी पुरत नाही आणि सगळा भार डिस्कवर येतो. रोग तिथं आहे.

भडंगप्रेमी

दहा हजारांचं सांगलीचं भडंग आणून ठेवा काका. मशीन सुरू होईपर्यंत अख्खं मार्केट यार्ड खात बसेल, कोणी घड्याळ बघणार नाही :)

कृष्णाकाठचा

मिरजमेकॅनिकदादा, रॅमचं बरोबर आहे, पण जीबीमागचा भाव हे माप हिशेबनीसांना लागू होत नाही. त्यांना जागा नकोच आहे. त्यांचा डेटा ३० जीबी. १ टीबी घेतली तर ती रिकामीच फिरत राहणार.

हार्ड डिस्क अडते कुठे ते बघा. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ९. एकूण १३ मिलिसेकंद. म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या छोट्या तुकड्यांची मागणी केली तर सेकंदाला पाऊणशे-ऐंशी तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना हेच चालतं, हजारो छोट्या फायली इथून तिथून. त्यात अँटिव्हायरस आला की दोघांच्या ओढाताणीत हेड नुसतं इकडून तिकडे धावतं. तुम्ही ऐकता ती खरखर तीच.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तुकडा मिळायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. एक्स२५-एमच्या दुसऱ्या पिढीला इंटेल ४ केबीच्या विखुरलेल्या वाचनाचा आकडा सेकंदाला ३५,००० पर्यंत देतं. प्रत्यक्षात त्याचा दहावा भाग मिळाला तरी पाऊणशेशी तुलनाच होत नाही.

मी पुण्यात नोकरीला असतो, घर सांगलीवाडीला. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये ही ड्राइव्ह बसल्यापासून कोड कंपाइल करताना मी मशीनची वाट बघत नाही. मला विचाराल तर घ्या.

प्रकाशछाया

माझा विश्रामबागला स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करते. मी गेल्या दिवाळीत घेतली, तीच ८० जीबी. कृष्णाकाठचे म्हणतात ते अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं मी सांगते.

लग्नाच्या हंगामात एका दिवसाची कार्डं रिकामी करायची तर २०-३० जीबी सहज होतात. ते सगळं एसएसडीवर उतरवायला गेलं तर हार्ड डिस्कपेक्षा उशीर होतो! या ८० जीबीच्या मॉडेलचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ७० एमबी आहे. वाचण्याचा २५० आहे, आणि खोक्यावर तोच ठळक असतो. नवी १ टीबीची डिस्क मोठी फाइल सलग लिहिताना १०० च्या वर जाते. व्हिडिओचंही तसंच. सलग लांबलचक फाइल असेल तर डिस्क उत्तम काम करते, आणि जागाही तिलाच परवडते.

मग मला फायदा कुठे झाला? फोटोंच्या कॅटलॉगमध्ये. मूळ फोटो डिस्कवर, पण लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग आणि त्याची छोटी प्रीव्ह्यू चित्रं एसएसडीवर. नवरा-नवरीला शेजारी बसवून अल्बमसाठी फोटो निवडताना पुढचा फोटो बोट उचलायच्या आत येतो. पूर्वी प्रत्येक फोटोला दोघं माझ्या तोंडाकडे बघायची. निवड लवकर झाली की अल्बम लवकर छपाईला जातो. माझे पैसे त्या हंगामात वसूल झाले. पण नुसती एसएसडी घेऊन चालणार नाही, सोबत डिस्क हवीच.

आबा कुपवाड

सगळं खरं, पण टिकण्याचं काय? माझा कुपवाडला मशीन शॉप आहे. सीएनसीचे प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून नेतो, आणि पेन ड्राइव्ह कधी दगा देईल सांगता येत नाही. आत तीच चिप ना? प्रत्येक खाना ठरावीक वेळाच लिहिता येतो म्हणतात. हार्ड डिस्क मी आठ-आठ वर्षं चालवल्यात. दहा हजार घालून झिजणारी वस्तू कशाला घ्यायची?

कृष्णाकाठचा

आबा, रास्त शंका आहे. जात तीच, नँड फ्लॅश, पण तिच्यासमोर बसलेला कंट्रोलर वेगळा. पेन ड्राइव्हमध्ये तो अगदी साधा असतो. एसएसडीतला सगळे खाने सारखे झिजावेत म्हणून लिहिणं फिरतं ठेवतो.

आता झीज मोजू. एक्स२५-एमची पहिली पिढी ५० नॅनोमीटरची होती, तिच्या खान्याला साधारण १०,००० वेळा पुसण्याची मर्यादा धरतात. सध्याच्या ३४ नॅनोमीटरच्या चिपला ५,०००. ८० जीबी गुणिले ५,००० म्हणजे ४ लाख जीबी. प्रत्यक्षात ड्राइव्हला आत स्वतःची आवराआवर करताना जास्तीचं लिहावं लागतं, म्हणून ही संख्या बरीच खाली येते. इंटेल स्वतः रोज २० जीबी लिहिलं तर पाच वर्षं असं सांगतं. हिशेबाच्या ऑफिसात रोज २० जीबी कोण लिहितंय? टॅली, लॉग, ब्राउझर सगळं धरून दोन-चार जीबी. झिजायच्या आधी मशीनच जुनं होईल.

लॅबवाले सर

मी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. "आवराआवर" म्हणजे काय ते कळलं तर एसएसडी घ्यायची का आणि कोणत्या विंडोजवर घ्यायची, दोन्ही प्रश्न सुटतात.

हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, सगळ्यांना माहीत आहेत. पेवात हळद पोत्या-पोत्यानं भरता येते, पण एकदा पेव फोडलं की अख्खं रिकामं करावं लागतं. फ्लॅशचं नेमकं तसं आहे. लिहिणं ४ केबीच्या पानानं होतं, पुसणं मात्र ५१२ केबीच्या अख्ख्या ब्लॉकनं. ब्लॉकमधली १२८ पैकी दहा पानं नको झाली, तर उरलेली ११८ आधी दुसरीकडे हलवायची, मग ब्लॉक पुसायचा. जास्तीचं लिहिणं होतं ते इथे. ड्राइव्ह कोरी असते तोवर हे करावं लागत नाही, म्हणून नव्या ड्राइव्हची चाचणी नेहमी झकास येते. भरत गेली की दम लागतो.

त्यात भर म्हणजे तुम्ही फाइल डिलीट केली हे ड्राइव्हला कळतच नाही. विंडोज फक्त आपल्या यादीतून नाव काढतं. ड्राइव्ह बिचारी नको असलेली पानंही जपून हलवत बसते. त्यावर उपाय म्हणजे ट्रिम ही आज्ञा. "ही पानं आता नकोत" असं विंडोज ड्राइव्हला कळवतं. विंडोज ७ मध्ये ती आहे, एक्सपीत नाही.

म्हणून हिशेबनीस, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: एक्सपी ठेवणार असाल तर घेऊ नका. विंडोज ७ टाकणार असाल तर घ्या.

हरिपूरकर

सर, पेवाचं नाव काढलंत आणि राहवलं नाही. आमच्या घरची आडत होती. पेव फोडलं की लगेच कोणी उतरायचं नाही. आत हवा कोंडलेली असते, काही तास उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचं, विझला नाही तरच माणूस खाली. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं गेली ती गेलीच. आता माल गोदामात आणि शीतगृहात. गावच्या मातीत वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नव्हती, हे पोरांना सांगून खरं वाटत नाही.

भडंगप्रेमी

हरिपूरकर काका, यावर वेगळा धागा काढाच. संगमाचे, पेवांचे जुने फोटो असतील तर टाका.

प्रकाशछाया

फोटो स्कॅन करून द्यायची जबाबदारी माझी. खरंच काढा धागा.

धागा व्यवस्थापक

पेवांसाठी "आपली सांगली" विभागात नवा धागा उघडला आहे, हरिपूरकर, तिथे लिहा. इथे एसएसडी.

आबा कुपवाड

सरांचं पटलं. पण लोडशेडिंगच्या गावात ही वस्तू किती भरवशाची? आमच्याकडे वीज जाताना विचारून जात नाही.

क्ष-किरण

आबा, मी मिरजेत एका स्कॅन सेंटरवर तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे यूपीएसशिवाय एकही मशीन नाही, डिस्क असो की एसएसडी. लिहिता लिहिता वीज गेली तर दोन्ही धोक्यात येतात.

आमचा अनुभव ऐका. सीटी स्कॅनची एक चकती म्हणजे एक फाइल, ५१२ बाय ५१२ ठिपके, अर्ध्या एमबीची. एका पेशंटच्या अशा पाचशे फायली असतात. डॉक्टर त्या चाकानं वरखाली सरकवत बघतात. वाचायच्या मशीनला एसएसडी बसवल्यावर हे सरकणं अडखळायचं थांबलं. जुने पेशंट मात्र साध्या डिस्कांच्या जोडीवर, एकीवर मूळ आणि दुसरीवर नक्कल. तिथे एसएसडी लावायची गरज कोणालाच वाटली नाही.

रिकव्हरीचा विचारही करून ठेवा. हार्ड डिस्कचं सर्किट जळलं तर पुण्या-मुंबईचे लोक तबकडीवरून डेटा काढून देतात. एसएसडीवर ट्रिम चालू असताना डिलीट झालेली फाइल परत मिळेल अशी आशाच धरू नका. रोजची नक्कल दुसऱ्या जागी गेलीच पाहिजे.

मिरज मेकॅनिक

आता एवढं चाललंय तर दुकानातलं सांगतो. सगळ्या एसएसडी एका माळेच्या नाहीत. २००८-०९ मध्ये जेएमायक्रॉनच्या जेएमएफ६०२ कंट्रोलरवर स्वस्तातल्या ड्राइव्ह निघाल्या होत्या. कागदावर वेग भरपूर, पण छोटं छोटं लिहायला लागलं की मशीन मधेच थिजायचं. माउस हलतो, बाकी काही नाही. त्या अजून जुन्या मालात फिरतायत. स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका. कुठला कंट्रोलर आहे ते विचारा, दुकानदाराला सांगता येत नसेल तर उठून या. इंटेल ठीक, सँडफोर्सवाल्या ठीक. लॅपटॉपला एकच ड्राइव्ह बसते आणि जागाही हवी, अशांना सीगेटची मोमेंटस एक्सटी आहे, ५०० जीबीची डिस्क आणि आत ४ जीबी फ्लॅश. रोजच्या फायली ती फ्लॅशमध्ये ठेवते. एसएसडीची सर नाही, पण खिशाला सोसते.

आणि हिशेबनीस, मार्च संपेपर्यंत त्या मशीनला हात लावू नका. ऐन मार्चएंडला विंडोज बदलायचं नसतं.

लॅबवाले सर

शंभर टक्के. एप्रिलमध्ये करा. करताना: बायोसमध्ये एएचसीआय (ड्राइव्हशी बोलायची नवी पद्धत) आधी चालू करा, मग विंडोज ७ टाका. नंतर बदललं तर निळा पडदा येतो. जुन्या डिस्कवरच्या एक्सपीची नक्कल जशीच्या तशी उचलून टाकू नका. एक्सपी पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, ते ४ केबीच्या पानाशी जुळत नाही, आणि एका पानाच्या लिहिण्यात दोन पानं हलतात. विंडोज ७ स्वतः १ एमबीपासून सुरू करतं. डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करू नका. ड्राइव्ह काठोकाठ भरू नका.

तुमची बाकीची तीन मशीनं मात्र नेटवर्कवर आहेत. स्विच १०० मेगाबिटचा असेल तर सेकंदाला १२ एमबीच्या वर काही जाणार नाही. त्यांना फरक जाणवायचा तर तो आधी बदला.

भडंगप्रेमी

सर, पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) एसएसडीवर ठेवायची की डिस्कवर? सगळीकडे डिस्कवर टाका म्हणतात, झीज होते म्हणून.

लॅबवाले सर

एसएसडीवरच ठेवा. विंडोज ७ च्या विकासकांनी २००९ मध्ये मोजून लिहिलं होतं, पेजफाइलमध्ये एका लिहिण्यामागे चाळीस वाचनं असतात आणि बहुतेक छोटी. एसएसडीला याहून सोयीचं काम नाही. ती डिस्कवर हलवली तर ज्यासाठी पैसे दिले तेच काढून घेतल्यासारखं होईल.

हिशेबनीस (८ मे २०११)

सगळ्यांचे आभार. एप्रिलच्या मध्यात काम उरकलं. एक्स२५-एम ८० जीबी, विंडोज ७, रॅम ४ जीबी. जुनी डिस्क आतच ठेवली, रोज संध्याकाळी त्यावर नक्कल जाते, आठवड्याची एक प्रत घरी. स्विच गिगाबिटचा केला.

कुठे फरक पडला: मशीन सुरू होणं, आणि सुरू झाल्या झाल्या हाताला लागणं. अँटिव्हायरस चालू असताना काम थांबायचं ते बंद. वीज गेल्यामुळे डेटा बिघडला की टॅलीत रीराइट करावं लागतं, मोठ्या पार्टीच्या खात्याला ते आधी जीव काढायचं, आता सुसह्य आहे. कुठे पडला नाही: छपाई, करखात्याच्या संकेतस्थळावर विवरण चढवणं, एंट्री मारायचा वेग. ते हाताचं आणि इंटरनेटचं काम. दहा हजार मला महाग वाटत नाहीत, कारण मुख्य मशीन अडलं की चार माणसं बसून राहायची. एकट्याच्या घरच्या मशीनला मी घेतली नसती.

मिरज मेकॅनिक (२० ऑगस्ट २०११)

इंटेलची नवी ३२० मालिका घेतलेल्यांनी लक्ष द्या. अचानक वीज गेल्यावर काही ड्राइव्ह परत सुरू होताना स्वतःला फक्त ८ एमबीची दाखवतात, आतलं काही दिसत नाही. कंपनीनं दोष मान्य केलाय, या महिन्यात त्यावर नवं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) आलंय. आधी नक्कल घ्या, मग फर्मवेअर टाका. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर तीही बदला. हिशेबनीस, तुमची जुनी एक्स२५-एम आहे, तुम्हाला हे लागू नाही.

आबा कुपवाड

म्हणूनच मी म्हणत होतो. मी अजून वर्षभर थांबणार.

वाळवेकर (२१ नोव्हेंबर २०११)

धागा वर काढतोय. बहिणीचा लॅपटॉप आहे, साटा जोडणीचा, डिस्क खरखर करायला लागलीय. पुण्यात भाव विचारला तर ५०० जीबीची साधी डिस्क दुपटीच्या वर सांगतायत. खरंच का दुकानदार लुटतोय?

कृष्णाकाठचा

खरं आहे. थायलंडमध्ये ऑक्टोबरात पूर आला, बँकॉकच्या वरच्या अंगाला बांग पा-इनमधला वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात गेला. डिस्कच्या मोटारी आणि सुटे भाग बनवणारेही त्याच भागात. जगभर माल कमी पडलाय. पुरात कारखाना गेल्यावर काय होतं हे सांगलीला वेगळं सांगायला नको, तिथल्या कामगारांचं वाईट वाटतं.

फेब्रुवारीत चाळीसपट होती ती दरी आता विसाच्या आसपास आलीय. एसएसडी उतरतायत, डिस्क चढल्यात. बहिणीचा डेटा किती आहे?

वाळवेकर

कॉलेजचे प्रोजेक्ट, गाणी, फोटो. पन्नासेक जीबी. लॅपटॉप घेऊन ती रोज इस्लामपूरहून एसटीनं जाते.

प्रकाशछाया

एसटीच्या धक्क्यांत चालू डिस्क म्हणजे धोकाच. एसएसडीला धक्क्याचं भय नाही. फोटो आणि गाणी बाहेरच्या जुन्या डिस्कवर काढा, म्हणजे ८० जीबीत बसेल.

आबा कुपवाड

यावेळी मी पण प्रकाशछायाताईंच्या बाजूनं. चढ्या भावात फिरणारी डिस्क घेऊ नका.

मिरज मेकॅनिक

वाळवेकर, आधी एक काम करा. लॅपटॉप आजच बंद करा आणि तो तसा चालवू नका. खरखरणाऱ्या डिस्कवरून डेटा एकदाच उतरवायचा, तोही महत्त्वाचा आधी: प्रोजेक्ट, मग फोटो, गाणी शेवटी. डिस्कची जाडी बघून घ्या, बहुतेक लॅपटॉपात साडेनऊ मिलिमीटरची असते. एसएसडी सात मिलिमीटरची निघाली तर सोबत प्लॅस्टिकची चौकट येते, ती न लावता बसवली तर आत हलते. विंडोज ७ ची डीव्हीडी आणि लॅपटॉपच्या ड्रायव्हरची सीडी शोधून ठेवा. शनिवारी मिरजेला येणार असाल तर दुपारनंतर या, सकाळी आमच्याकडे वीज नसते. चार्जर विसरू नका.